गल्लीतला दवाखाना पारखायचा कसा?

'त्यांच्या हाताला गुण आहे' एवढ्यावर आपण डॉक्टर धरतो. माझ्या मावशीनेही तसाच धरला होता. गुडघेदुखीवर ते कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या द्यायचे. दोन दिवसांत मावशी जिना चढायला लागली. चार महिन्यांनी चेहरा सुजला, साखर वाढली. पुडीत स्टिरॉइड असावं, असं दुसरे डॉक्टर म्हणाले. पण सिद्ध कसं करणार? पुडीवर नावच नव्हतं.

तेव्हापासून मी दारातल्या पाटीपासूनच सुरुवात करतो. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा, चिठ्ठीवर आणि पावतीवरही छापावा, असं २००२ चे आचारसंहितेचे नियम सांगतात. एमबीबीएस असतील तर नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर शोधा. बीएएमएस आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, म्हणून भिंतीवरचं जुनं प्रमाणपत्र पाहून थांबू नका.

आत गेल्यावर आधी आपली माहिती द्या: कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, बीपी-शुगरच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, दिवस गेलेत का. जुनी चिठ्ठी सोबत ठेवली की निम्मं काम होतं.

इंजेक्शनच्या वेळी मात्र डोळे मिटू नका. सिरिंज आणि सुईचं पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. बाटली अनेकांसाठी एकच असली, तरी तीत दर वेळी नवी सुई आणि नवी सिरिंजच जायला हवी. वापरलेली सुई कटरने कापून किंवा जाळून पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात टाकायची असते. टेबलावर उघडी पडलेली दिसली तर सरळ उठा. आणि एक आपल्या बाजूचं: 'डॉक्टर, एक सुई माराच' हा हट्ट आपणच धरतो. साध्या तापाला बहुतेक वेळा गोळी पुरते.

निघताना चिठ्ठी वाचा. औषधाचं नाव, ताकद, किती दिवस, हे सगळं त्यावर हवं. पुडी दिलीच, तर 'घरी मुलगा विचारतो, नावं लिहून द्या ना' म्हणा. यात कोणाला राग येत नाही. आला तर तेही कळलं. पट्टीवर उभी लाल रेघ असली, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. अँटिबायोटिक असेल तर कशासाठी ते विचारा, कारण विषाणूच्या सर्दीवर त्याचा उपयोग नाही. पुडीत स्टिरॉइड आहे असा संशय आला, तरी महिनोन्महिने घेतलेलं औषध एकदम बंद करू नका. उरलेली पुडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करतील.

मावशीचे आताचे डॉक्टर कमी बोलतात. पण छातीत दुखतंय म्हणून ती गेली, तेव्हा त्यांनी ईसीजी काढला, 'हे माझ्याकडचं काम नाही' म्हणाले आणि स्वतः १०८ ला फोन लावला.