'अनडिफाइन्ड रेफरन्स' आला? आधी लायब्ररींचा क्रम बघा

सी किंवा सी++ प्रोग्राम बिल्ड करताय. हेडर सापडतंय, कंपाइलही नीट होतंय, लायब्ररी इन्स्टॉल आहे. तरी शेवटी लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्राम तयार करणारं टूल) 'अनडिफाइन्ड रेफरन्स', म्हणजे वापरलेलं काहीतरी सापडलंच नाही, म्हणून अडतो. लायब्ररी पुन्हा इन्स्टॉल करत बसण्याआधी कमांडमधला क्रम तपासा.

१. ऑब्जेक्ट फाइली (तुमच्या कोडच्या कंपाइल झालेल्या फाइली) आधी, लायब्ररी नंतर. जीएनयू लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि स्टॅटिक लायब्ररीतून (जिचा कोड थेट प्रोग्राममध्येच भरला जातो) तोवर मागितलं गेलेलं तेवढंच उचलतो. लायब्ररी आधी आली, तर तिच्याकडे कुणी काही मागितलेलंच नसतं.

२. एक लायब्ररी दुसरीवर अवलंबून असेल, तर अवलंबून असलेली आधी लिहा.

३. मेकफाइल ('मेक' या बिल्ड टूलच्या सूचनांची फाइल) असेल तर लायब्ररींची नावं 'एलडीलिब्स' या व्हेरिएबलमध्ये टाका, 'एलडीफ्लॅग्ज'मध्ये नको. मेकच्या अंगभूत नियमात एलडीफ्लॅग्ज ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येतं, एलडीलिब्स नंतर. बऱ्याच जुन्या प्रोजेक्टमध्ये गाडी नेमकी इथेच अडते, आणि एक ओळ हलवली की बिल्ड पूर्ण होतो.

दोन लायब्ररी एकमेकींवर अवलंबून असतील, तर त्या लिंकरच्या 'स्टार्ट-ग्रुप' आणि 'एंड-ग्रुप' या दोन पर्यायांच्या मध्ये ठेवा. मात्र सरसकट सगळ्याच लायब्ररी त्यात कोंबू नका. लिंकर त्या पुन्हा पुन्हा चाळतो आणि मोठ्या प्रोजेक्टचं लिंकिंग रेंगाळतं.