सिन्स की फॉर, से की टेल? आधी मराठीत विचारा

इंग्रजीतल्या सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्या गोंधळात टाकतात तेव्हा व्याख्या पाठ करत बसू नका, परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सगळं साफ विसरायला होतं. त्यापेक्षा तेच वाक्य आधी मराठीत नीट बोलून बघा. कारण बऱ्याच जोड्यांमधला फरक आपल्या भाषेत आधीच आहे, आपण फक्त तो वापरत नाही.

से आणि टेल घ्या. 'म्हणाला' बसत असेल तर सेड, 'सांगितलं' बसत असेल तर टोल्ड, एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागतं. फक्त 'मला सांगितलं' मधला 'ला' आपण इंग्रजीत ओढून नेतो आणि 'ही टोल्ड टू मी' होतं. तिथे टू नको, 'ही टोल्ड मी'. टू लागतो तो सेडला, 'ही सेड टू मी'.

हिअर म्हणजे ऐकू येणं, लिसन म्हणजे ऐकणं. मीटिंगमध्ये 'आवाज येतोय का' विचारायचंय ना, मग 'कॅन यू हिअर मी'. आणि पोराला 'अरे माझं ऐक जरा' म्हणायचं असेल तर 'लिसन टू मी', इथे मात्र टू पाहिजेच. तसंच दिसलं की सी, मुद्दाम बघितलं की लुक अॅट, आणि मॅचसारखं चालू असलेलं काही लक्ष देऊन बघत बसलात की वॉच. थिएटरात जाऊन बघितलेल्या पिक्चरला सी पण सर्रास म्हणतात, ते चूक नाही.

बॉरो-लेंड तर अगदीच सोपं, उसनं घेणं आणि उसनं देणं. 'पेन देतोस का' असेल तर लेंड, 'पेन घेऊ का' असेल तर बॉरो.

खरी गोची होते ती मराठीत दोन्हीकडे एकच शब्द असतो तिथे. सगळ्यात जास्त चुका 'पासून'मुळे होतात असं माझं ठाम मत आहे. आपण 'सोमवारपासून' पण म्हणतो आणि 'दोन वर्षांपासून' पण, म्हणून मग बायोडेटात सुद्धा 'वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' येतं आणि वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं. यावर उपाय म्हणजे 'झाली' किंवा 'झाले' लावून बघायचं. दोन वर्षं झाली, तीन तास झाले, असं म्हणता येतंय म्हणजे फॉर. '2019 झाली' असं कुणी म्हणत नाही, ती सुरुवात आहे, म्हणून सिन्स 2019. आणि दोन्हीकडे 'आय अॅम वर्किंग' नाही, 'आय हॅव बीन वर्किंग'.

'ऐतिहासिक'चं पण तेच. 6 जून 1674 चा रायगडावरचा राज्याभिषेक ही हिस्टॉरिक घटना, कारण तिने इतिहास घडवला. त्या काळावरची कादंबरी किंवा जुनी मोडी कागदपत्रं हिस्टॉरिकल, म्हणजे इतिहासाशी संबंधित. इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकलला मात्र मराठीच धावून येते: आर्थिक धोरण इकॉनॉमिक, किफायतशीर गाडी इकॉनॉमिकल.

अॅडव्हाइसमध्ये शेवटच्या ई आधी सी असेल तर सल्ला, एस असेल तर सल्ला देणं, उच्चारात पण शेवटी स आणि झ असा फरक आहे. आपल्याकडे 'सल्ले' होतात म्हणून अॅडव्हाइसेस लिहू नका, अनेकवचन होत नाही त्याचं, फार तर 'सम अॅडव्हाइस' किंवा 'अ पीस ऑफ अॅडव्हाइस'.

आता तुमचे पाठवलेले मेल उघडा, सर्चमध्ये सिन्स टाका आणि प्रत्येकाला 'झाली' लावून बघा.