लक्ष उडतं तेव्हा ते कुठं जाऊन बसतं?

नवरीचं नाव उलटं विणलं गेलं, तिथून सुरुवात करते.

लग्नाच्या आहेराचे २४० नॅपकिन होते, कोपऱ्यात नवरा-नवरीची नावं. मी टॉवेल-चादरींची डिझाइनं करून देते. वडील सोलापूरच्या भवानी पेठेत ग्राफच्या कागदावर पेन्सिलीनं एकेक चौकोन भरायचे, मी तेच काम कॉम्प्युटरवर करते. त्या कारखान्याच्या मागाला फाइल आडवी उलटवून द्यावी लागते, हे मला कित्येक वर्षं माहीत. पण त्या दिवशी नावांभोवतीची वेल काढण्यात मी इतकी रंगले की शेवटची ती एक कळ दाबायची राहिली. माल विणून, कापून, शिवून झाल्यावर कारखानदारांचा फोन आला, "ताई, पाहुण्यांनी तोंड पुसताना आरसा समोर धरायचा का?"

वेल मात्र त्यांना फार आवडली. पुढं त्यांनी ती टॉवेलच्या बॉर्डरला तीन रंगांत चालवली. नॅपकिनचे पैसे माझ्या बिलातून कापले गेले ते गेलेच.

वेलही माझीच आणि चूकही माझीच, एकाच फाइलमध्ये. लहानपणापासून मी वेंधळी, धांदरट, 'हिचं डोकं ठिकाणावर नसतं' ऐकत आलेली. आमच्या सोलापुरातून दाते पंचांग अख्ख्या महाराष्ट्रात जातं, आणि मला आज वार कुठला ते विचारून घ्यावं लागतं. सदतिसाव्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला एडीएचडी असं नाव सांगितलं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं आणि अतिचंचलता. त्यानंतर मोबाइलवर रील बघायला लागले तर कुणी म्हणे ही देवाची देणगी, कुणी म्हणे आजार. देणगी म्हणणाऱ्यांनी माझी बिलं भरून दाखवावीत. पण नुसता आजार म्हणणंही मला पटत नाही, कारण माझं घर ज्या कल्पनांवर चालतं त्या याच उडणाऱ्या लक्षानं आणून दिल्यात. तर अशा डोक्याकडून काम कसं करून घ्यायचं, ते मला जमलंय तेवढं सांगते.

आधी तपासून घ्या

रील बघून स्वतःला शिक्का मारू नका. विसरायला सगळेच विसरतात. डॉक्टर बघतात ते वेगळं असतं: त्रास १२ वर्षांच्या आतच सुरू झाला होता का, तो घरी आणि कामावर असा निदान दोन ठिकाणी दिसतो का, आणि त्यानं खरंच नुकसान होतंय का. मोठ्या माणसांत लक्ष न लागण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या यादीतली निदान ५ लक्षणं लागतात, लहान मुलांत ६. थायरॉइड, झोप, चिंता, नैराश्य यांमुळंही लक्ष उडतं, म्हणून ते आधी बाजूला काढतात. हे मोबाइलनं आणलेलं फॅडही नाही. अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं १७९८ सालीच एका जागी न ठरणाऱ्या लक्षाबद्दल लिहून ठेवलंय. मुलींचं बऱ्याचदा लक्षात येत नाही, कारण त्या वर्गात धिंगाणा न घालता खिडकीबाहेर बघत बसतात. मी खिडकीवाली.

डॉक्टरकडं जायचा धीर होत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं.

पंधरा दिवस फक्त लक्षाच्या मागं फिरा

लक्ष उडालं की आपण त्याला मान धरून परत आणतो. पंधरा दिवस तसं करू नका. उडालं की ते कुठं जाऊन बसलं, एवढंच लिहून ठेवा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचे, कारण वही हरवते, भिंत हरवत नाही.

माझं लक्ष बोलणं चालू असताना उडतं आणि बहुतेक वेळा एखाद्या पृष्ठभागावर जाऊन बसतं, हे मला तेव्हा कळलं. माणसाच्या चेहऱ्यावर नाही, तर त्याच्यामागच्या पत्र्यावर, पोपडे आलेल्या भिंतीवर, कडक भाकरीच्या फोडांवर.

जानेवारीत मंगळवेढ्याकडं एका नातेवाइकांच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. बांधावर नणंदेच्या मुलीच्या स्थळाची बोलणी चालली होती. मुलगा पुण्यात, पगार अमुक, फ्लॅट तमुक. मला विचारलं असतं तर मुलाचं नावही सांगता आलं नसतं. माझ्या हातात आगटीतून काढलेलं गरम कणीस होतं. तळहातावर चोळलं की दाणे सुटून पडतात आणि हातात उरतात ती रिकामी बोंडं. त्यांच्या ओळी एकाखाली एक येत नव्हत्या. वरच्या ओळीतल्या दोघांच्या मधल्या फटीत खालचं एक, परत त्याच्या फटीत पुढचं. काही घरं रिकामी, काहींत दाणा अडकलेला. मी ते फिरवून फिरवून बघत होते. जकार्ड म्हणजे नक्षी विणणारा माग, त्याच्या ग्राफवर एक आडवी ओळ म्हणजे एक आडवा धागा, आणि भरलेला चौकोन म्हणजे उचललेला उभा धागा. कणसाचा ग्राफ तर तयारच होता! भरलेलं घर, रिकामं घर. टॉवेलमध्ये दाण्याच्या जागी फुगलेले फासे आणि रिकाम्या जागी सपाट वीण.

"वहिनी, तुम्हाला काय वाटतं?" नणंदेनं विचारलं.

"दाणे थोडे कमी करावे लागतील," मी म्हणाले.

स्थळ जमलं, सुदैवानं. आणि 'कणीस' बॉर्डर अजूनही चालते.

कामाचे दोन तुकडे

आता मूळ मुद्दा. अमेरिकेतल्या हॉली व्हाइट आणि प्रीती शाह या संशोधकांचा २००६ सालचा एक अभ्यास आहे. एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसांना एखाद्या साध्या वस्तूचे निरनिराळे उपयोग सुचवायला सांगितले, तर ती इतरांच्या पुढं गेली. पण विखुरलेल्या शब्दांना जोडणारा एकच नेमका शब्द शोधायला सांगितला, तर मागं पडली. वाचलं तेव्हा मला वेल आणि उलटं नावच आठवलं. मात्र २०२० साली अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात असं दिसलं की ज्यांच्यात ही लक्षणं थोडी जास्त आहेत पण निदान होण्याइतकी नाहीत, त्यांच्यात सुचण्याचा फायदा दिसतो; निदान झालेल्यांच्या बाबतीत तसं ठामपणे म्हणता येत नाही. म्हणजे एडीएचडी आहे म्हणून कुणी आपोआप कलाकार होत नाही. स्वतःचं काम समोर ठेवूनच बघावं लागतं.

मी माझ्या कामाची उभी फाळणी केली. सुचण्याचं काम आणि मिटवण्याचं, म्हणजे सुचलेलं पूर्ण करून टाकण्याचं काम. दोन्ही एका दिवशी करायची नाहीत, शक्यतो एका खोलीतही नाहीत.

सुचण्याच्या दिवशी मी टेबलाशी बसत नाही. भुईकोट किल्ल्याच्या बाजूनं चालते, सात रस्त्यापर्यंत जाऊन येते, रिक्षात बसून रिक्षावाल्याशी गप्पा मारते. एका वेळी तीन-चार डिझाइनं अर्धवट असली तरी चालतात. एकाचा कंटाळा आला की दुसरं. 'हातात घेतलेलं आधी तडीस ने' हा नियम त्या दिवशी बंद. सुचलेलं पकडायला मात्र जागा एकच: व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेला आवाजी निरोप. आधी माझे निरोप तीन वह्यांत, दोन ॲपमध्ये आणि दुधाच्या पिशवीवर असायचे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा हे सगळं सकाळी सहाच्या आत. नंतर सोलापुरात फक्त घाम सुचतो.

मिटवण्याच्या दिवशी उलटं. नवीन फाइल उघडायची नाही, मोबाइल स्वयंपाकघरात, आणि खोलीत कुणीतरी हवं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. त्या माणसानं मदत करायची नसते, बोलायचं तर नसतंच, फक्त आपलं काहीतरी करत बसायचं. आमच्याकडं सासूबाई शेंगा फोडत बसतात, चटणीसाठी. टरफलांचा तो कटकट आवाज थांबला की मला कळतं, त्या माझ्याकडं बघतायत.

"काय करायलीस गं? मघापासून तेच फूल हाय समोर."

"रंग बघतेय, आई."

"रंग कालच ठरला न्हवं?"

ठरला होता. अशा वेळी मी मुकाट पुढच्या ओळीवर जाते. सासूबाईंना एडीएचडी हा शब्द म्हणता येत नाही, पण माझी निम्मी डिझाइनं त्यांच्या शेंगांवर पूर्ण झालीत. एकटे राहत असाल तर मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून दोघींनी आपापलं काम करायचं, तेही चालतं.

खोट्या तारखा माझ्यावर चालत नाहीत. मीच ठरवलेली तारीख खोटी आहे हे मलाच माहीत असतं. खरं माणूस वाट बघत असलं तरच पाय उचलतो. म्हणून पूर्ण डिझाइनऐवजी पहिल्या वीस ओळी मी कारखान्यातल्या जॉबरदादांना, म्हणजे माग लावून देणाऱ्यांना, आधीच पाठवते. "पुढचं कधी, ताई?" असा त्यांचा निरोप आला की माझं गाडं सुरू.

लक्ष चिकटतं तेव्हा

याची दुसरी बाजू लोक विसरतात. लक्ष उडतं तसंच कधी चिकटतंही. वेल काढताना सहा तास कुठं गेले कळलं नाही, जेवले नव्हते, आणि त्यातच ती कळ राहिली. आमच्या सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. असंच एकदा पाणी येऊन गेलं आणि टाकी कोरडी. तेव्हापासून पाण्याच्या दिवशी मी चिकटणारं काम हातात घेतच नाही. बाकीच्या दिवशी गजर लावते, पण फोन टेबलावर नाही. उठून जावं लागेल अशा ठिकाणी. हाताशी असला की गजर झोपेत बंद केल्यासारखा बंद होतो.

गोळी घेतली तर डिझाइन सुचायचं थांबेल का, ही भीती मलाही होती. मी मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध घेते. सुरू करण्याआधी डॉक्टरांनी रक्तदाब आणि हृदयाचं सगळं विचारून घेतलं. भूक कमी होते, उशिरा घेतली तर झोप जाते. सुचणं माझं थांबलं नाही, पण सुचलेल्यातलं शेवटाला जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. २०२०च्या त्या आढाव्यातही औषधानं सर्जनशीलता घटते असा पुरावा आढळला नव्हता. तरी हा माझा अनुभव आहे. तुमचं तुमच्या डॉक्टरांशी बोला आणि शेजारणीची गोळी घेऊ नका. हसू नका, मला असं विचारणाऱ्या दोघी भेटल्यात.

पैशाचं सांगायचं तर बिलं आणि जीएसटी मी नवऱ्याकडं दिलंय. त्यात शिकण्यासारखं काही नाही, फक्त द्यायचं.

दारावरचा कागद

फाइल पाठवण्याआधी माझ्या खोलीच्या दारावर चिकटवलेला कागद मोठ्यानं वाचायचा. मनात नाही, मोठ्यानं. त्यावर चारच ओळी आहेत: उलटवली का? उभ्या धाग्यांची संख्या मागाशी जुळते का? बॉर्डरचा सांधा जिथं परत सुरू होतो तिथं फूल तुटत नाही ना? अक्षरं असली तर दुसऱ्या कुणी वाचली का? आधी त्या कागदावर चौदा ओळी होत्या. चौदा ओळी माझ्यासारखं माणूस वाचत नाही, त्यांच्याकडं बघत नुसतं उभं राहतं. दर दोन महिन्यांनी कागदाचा रंग बदलायचा, नाहीतर तो दारात मिसळून जातो आणि दिसेनासा होतो.

चौथी ओळ सर्वांत महाग पडली म्हणून ती लाल शाईत. अक्षरं मी स्वतः तपासतच नाही. शेजारच्या सहावीतल्या पोराला बोलावते, तो पडद्यावरचं खडाखडा वाचतो, एका नावाला एक चिक्की.

मागच्या आठवड्यात त्याच कारखानदारांचा फोन आला. परत लग्नाचेच नॅपकिन. मी सांगितलं, डिझाइन मंगळवारी होईल, फाइल बुधवारी मिळेल.

"मंगळवारी झालं तर मंगळवारीच द्या की. मधला दिवस कशाला?"

"नवरीचं नाव वाचायला," मी म्हणाले.

"मग गुरुवारी द्या," ते म्हणाले.