पेरणी ठरवण्याआधी घाट किती लांब ते बघा

कोल्हापूर जिल्ह्याची सरासरी पाहून पेरणी करू नका. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, शिरोळात जेमतेम पाचशे. दोघांमध्ये सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. अशा दोन टोकांची सरासरी कुणाच्याच रानाला लागू पडत नाही.

अनेकांना वाटतं, गाव उंचावर म्हणून पाऊस जास्त. तसं नाही. अरबी समुद्रावरून आलेलं ओलं वारं कोकणातून सह्याद्रीच्या भिंतीला धडकतं, आठ-नऊशे मीटर वर चढतं, चढताना थंड होतं आणि त्यातलं बाष्प घाटमाथ्यावर रितं होतं. पुढे पूर्वेला उतरताना तेच वारं तापतं, ढग विरतात. म्हणून गावाच्या उंचीपेक्षा माथ्यापासूनचं अंतर महत्त्वाचं. जुलैत गगनबावड्याच्या रस्त्याला लागलं की हे डोळ्यांनी दिसतं. कोल्हापुरात रंकाळ्यावर उघडीप, कळ्याला भुरभुर आणि असळजच्या पुढे गाडीचा वायपर पुरा पडत नाही.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडचा पश्चिम भाग, आजरा, चंदगड इथल्यांची चिंता पाणी कमी पडण्याची नसून खत वाहून जाण्याची आहे. भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात पेरणी, करणाऱ्यांनी वळीव होऊन वाफसा, म्हणजे औत चालेल इतकीच ओल, येताच मशागत उरकून घ्यावी. एकदा संततधार लागली की रानात औत घालता येत नाही. भाताची रोप लावण करणार असाल तर युरिया फेकू नका, दोन दिवसांत तो ओढ्याला लागतो. भात लावणीच्या चारसूत्री पद्धतीत 15-25 सेंटिमीटरची जोडओळ धरून लावणीच्याच दिवशी रोपांच्या चार चुडांच्या मध्ये 2.7 ग्रॅमची एक ब्रिकेट, म्हणजे खताची दाबून केलेली गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचतात. हाताला त्रास आहे, हे मान्य. पण खत चिखलात राहतं आणि पिकाला हळूहळू मिळतं. जादा नत्र आणि सततची ओल एकत्र आली की करपा रोग हटकून येतो. खाचराचे बांध आत्ताच लिंपा.

हातकणंगले, शिरोळ, कागल आणि गडहिंग्लजच्या पूर्व भागात उलट धीर धरावा लागतो. मृगाच्या एका सरीवर सोयाबीन टाकून दुबार पेरणी केलेली घरं दरवर्षी दिसतात, आणि बियाण्याचा भाव बघता जीव तुटतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नका. घरचं बी असेल तर गोणपाटात शंभर दाणे ठेवून बघा, सत्तर उगवले पाहिजेत. रुंद सरी-वरंब्यावर पेरलं तर पावसाच्या खंडात ओल टिकते आणि जोराच्या पावसात पाणी सरीतून निघून जातं.

मधल्या पट्ट्यात, म्हणजे करवीर, पन्हाळ्यात, दोन शेजारच्या गावांचा पाऊसही जुळत नाही. डोंगराच्या पश्चिम अंगाला जास्त पडतो, आडोशाला कमी. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर दिवसात 65 मिलिमीटर झाले की अतिवृष्टी धरतात, पण तो मापक डोंगरापलीकडे असू शकतो. म्हणून सरळ बाजूंचा, सपाट तळाचा एक डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजून वहीत लिहा. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर. वाफशाचा, फवारणीचा, निचऱ्याचा निर्णय याच आकड्यावर घ्यायचा.

नदीकाठच्यांना मात्र स्वतःच्या डब्यावर विसंबता येत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती घाटाचं पाणी घेऊन प्रयाग चिखलीला भेटतात आणि पुढे पंचगंगा होऊन ते पाणी नृसिंहवाडीला कृष्णेपर्यंत जातं. तिथे कृष्णा आधीच फुगलेली असली की पाणी मागे पसरतं. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोळचा ऊस स्वतःच्या पावसाने बुडाला नव्हता. पुनर्वसूचा तरणा पाऊस सुरू झाला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बघा. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पण 39 ची वाट बघू नका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचं कळलं की तुमच्या रानात ऊन असलं तरी नदीवरची मोटार आणि स्टार्टर त्याच दिवशी वर काढा.