बडोद्यात पार्टीला जाताय? आधी हे वाचा, आणि ग्रुपमध्ये पण टाका

मुलगी प्यायली होती म्हणून कोणी तिच्या अंगाला हात लावला तर गुन्हा शंभर टक्के त्याचाच, हे आधी डोक्यात पक्कं करा मग पुढचं वाचा.

गुजरातमध्ये दारूबंदी, म्हणून बार नाहीत, म्हणून पिणं होतं कोणाच्या तरी फ्लॅटवर, हायवेच्या बाजूच्या फार्महाउसवर नाहीतर दीव-दमणच्या ट्रिपला. म्हणजे दार आतून बंद, रात्री रिक्षा मिळत नाही आणि ग्लास कोण भरतंय ते कोणी बघत नाही. 30 मिली व्हिस्की किंवा व्होडकात साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं आणि तेवढं उतरायला लिव्हरला तासभर तरी लागतो, पण प्लास्टिकच्या ग्लासात अंदाजाने ओतून वर कोल्ड्रिंक घातलं की 30 गेली का 90 ते चवीवरून कळतच नाही. म्हणून आपला ग्लास आपणच भरायचा. आणि मुलांच्या बरोबरीने पिऊ नका, आपल्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं त्यामुळे तेवढ्याच दारूने आपल्याला जास्त चढते. कॉफी, लिंबू, आंघोळ याने काही उतरत नाही, वेळ जाऊ देणं हाच उपाय.

आता महत्त्वाचं. आपल्याला भीती घालतात ती अनोळखी माणसाची, पण करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो, क्लासमधला, मैत्रिणीचा मित्र, कोणाचा तरी कझिन. कॅनडात तीन विद्यापीठांतल्या मुलींना 12 तासांचं ट्रेनिंग दिलं होतं, ओळखीच्याच माणसाकडून येणारा धोका लवकर कसा ओळखायचा आणि संकोच न करता विरोध कसा करायचा याचं. 2015 मध्ये निकाल छापून आला, वर्षभरात ट्रेनिंग न घेतलेल्या गटात बलात्काराचं प्रमाण 9.8 टक्के आणि घेतलेल्यांत 5.2. तेव्हा लक्ष कुठे द्यायचं? 'बस झालं' म्हटल्यावरही भरत राहतो, तुम्हाला ग्रुपपासून बाजूला नेतो, मैत्रीण न्यायला आली की 'मी सोडतो ना तिला' म्हणतो. छोटा नकार ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी गोड बोलत बसू नका, त्याला वाईट वाटेल याचा विचार नको, मोठ्याने नाही म्हणा आणि तिथून उठा.

जोडीने जा आणि जोडीनेच परत या. एकीने त्या रात्री अजिबात प्यायची नाही, अ‍ॅक्टिव्हाची किल्ली तिच्याकडे. मैत्रीण अडकलेली दिसली तर सरळ मध्ये घुसा, 'अगं चल, आईचा फोन आलाय' एवढं पुरतं. ती पडली असेल तर कुशीवर वळवून झोपवा, उलटी घशात अडकत नाही, आणि शेजारी बसून राहा. उठवूनही उठत नसेल किंवा श्वास फार हळू चालत असेल तर 108. दारूबंदीला घाबरून वाट बघत बसू नका.

याच भीतीचा फायदा घेतला जातो. 'तू पण प्यायली होतीस, पोलीस तुलाच धरतील.' आता कायदा ऐका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 प्रमाणे नशेमुळे काय चाललंय हे कळण्याच्या स्थितीत मुलगी नसेल तर तिने हो म्हटलं तरी ती संमती धरत नाहीत. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, घटना दमणची असली तरी, आणि जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. नाव छापायला बंदी आहे.

असं काही झालंच तर आंघोळ करू नका, कपडे धुवू नका, कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही. सयाजी हॉस्पिटलला जा किंवा जवळ असेल त्या, सरकारी असो प्रायव्हेट असो, उपचार फुकट करणं त्यांना बंधनकारक आहे. ते पोलिसांना कळवतात, पण तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. एचआयव्हीची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हायला लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि गर्भ राहू नये म्हणून गोळीही तिथेच मागा. ड्रिंकमध्ये काही घातल्याचा संशय असेल तर लघवीचा नमुना लगेच द्या, काही औषधं 12 तासांतच शरीरातून जातात. एकटं जायचं नसेल तर 181 अभयम या महिलांच्या हेल्पलाइनला फोन करा, रात्रीही उचलतात. चॅट डिलीट करू नका, आठवतंय तेवढं वेळेसकट लिहून ठेवा, मधलं आठवत नसेल तर 'आठवत नाही' असंच लिहा.