काम नसतानाच रीस्टार्ट होणारा होम सर्व्हर: माझा अनुभव

नवा जोडलेला होम सर्व्हर मधूनच आपोआप रीस्टार्ट व्हायचा, तोही काहीच काम चालू नसताना. जर्नलसीटीएल या लिनक्सचे लॉग दाखवणाऱ्या कमांडने मागच्या बूटचा लॉग पाहिला. कर्नल पॅनिक (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच कोसळणं) नाही, शटडाउनची नोंद नाही. नेहमीच्या ओळी येता येता लॉग मध्येच तुटलेला. असा लॉग दिसला की आधी संशय हार्डवेअरवर घ्यावा.

मेमटेस्ट ही रॅमची चाचणी रात्रभर चालवली, एकही एरर नाही. तापमान ठीक. मग सगळे कोअर तासन्‌तास १०० टक्के लोडवर ठेवले, तरी मशीन ढिम्म! हीच खरी खूण होती. पॉवर सप्लायची ताकद कमी पडत असती तर त्याने लोडवर दगा दिला असता. इथे उलटं होतं: प्रोसेसर गाढ सी-स्टेटमध्ये (काम नसताना वीज वाचवणाऱ्या झोपेच्या अवस्थेत) गेला की करंट इतका उतरतो की काही पॉवर सप्लायना व्होल्टेज स्थिर ठेवणं जमत नाही.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हे ‘ऑटो’वरून ‘टिपिकल करंट आयडल’वर नेलं. तेव्हापासून एकदाही रीस्टार्ट नाही. हा पर्याय तुमच्या बोर्डवर नसेल तर सी६ ही गाढ सी-स्टेट बंद करून बघा. वीज थोडी जास्त लागते, पण घरातले सगळे फोटो ज्यावर आहेत त्या मशीनसाठी मला ते चालतं. बायोस अपडेट केल्यावर मात्र ही सेटिंग पुसली जाऊ शकते, तेव्हा पुन्हा तपासा.