अपक्ष उमेदवारी आणि दहा हजारांची अनामत: पहिल्यांदा अर्ज भरणाऱ्यांसाठी

२०२४ साली धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला आली आणि विधानसभेचे नामनिर्देशनपत्र दाखल करण्याचा शेवटचा दिवसही तोच होता. लोक सोन्याच्या दुकानांत गर्दी करत असताना मी, तालुक्याच्या गावी शिकवण्या घेणारा माणूस, अनामतीसाठी शंभराच्या नोटांची एक गड्डी रुमालात गुंडाळून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर उभा होतो. ही गड्डी परत येणार नाही हे मला ठाऊक होते. मात्र ती नेमकी कोणत्या नियमाने जाते, हे मला फार उशिरा उमगले. माझ्यासारखा एखादा अपक्ष पुढच्या वेळी उभा राहणार असेल, तर त्याला ते आधी कळावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

विधानसभेसाठी अनामत १०,००० रुपये आणि लोकसभेसाठी २५,००० रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना यात निम्मी सवलत मिळते आणि ती सर्वसाधारण जागेवर उभे राहिल्यासही मिळते, फक्त जातीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. इतर मागासवर्गीयांना, महिलांना किंवा कमी उत्पन्नाच्या उमेदवारांना कोणतीही सवलत नाही. अनामत रोखीने किंवा कोषागारात चलनाद्वारे भरता येते. धनादेश चालत नाही. लोकवर्गणीच्या डब्यातली चिल्लर तशीच घेऊन जाण्याचा मोह मलाही झाला होता, पण कायद्याने रुपया व त्यावरील नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपुरतीच देय ठरतात, म्हणून किराणा दुकानदाराकडून आधी नोटा करून घेतल्या. अर्जाचे चार संच भरता येतात आणि चारांना मिळून अनामत एकच लागते, त्यामुळे छाननीच्या भीतीने किमान दोन संच अवश्य भरावेत.

पैशांपेक्षा मला घाम फोडला तो सूचकांनी, म्हणजे अर्जावर सही करून उमेदवाराचे नाव सुचवणाऱ्या मतदारांनी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला मात्र त्याच मतदारसंघातले दहा मतदार लागतात, आणि प्रत्येकाचा मतदारयादीतला भाग क्रमांक व अनुक्रमांक बिनचूक असावा लागतो. माझ्या दहांपैकी एक होत्या माझ्या माजी विद्यार्थ्याच्या आजी. त्या सही करत नाहीत, आणि सूचकाचा अंगठा अधिकाऱ्यासमोरच उमटवावा लागतो, म्हणून कांदालागवडीची त्या दिवसाची मजुरी बुडवून त्या तहसील कार्यालयात आल्या. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवण्याआधी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सर, म्या अंगठा लावला म्हंजी पैसं मला भरावं लागत्याल का?" मी नाही म्हणालो. त्यांची बुडालेली मजुरी मात्र कोणत्याही नमुन्यात लिहायची सोय नव्हती.

आता मुख्य मुद्दा. निवडून न आलेल्या उमेदवाराला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली तरच अनामत परत मिळते. वैध मते १,९८,००० असतील तर ३३,००० मतेही पुरत नाहीत, ३३,००१ लागतात. ‘नोटा’ची (वरीलपैकी कोणीही नाही, या पर्यायाची) मते या हिशेबात धरली जात नाहीत, एवढाच काय तो दिलासा. त्या निवडणुकीत राज्यात ४,१३६ उमेदवार होते, त्यांत २,०८६ अपक्ष, आणि निवडून आले दोन. म्हणून नवख्या अपक्षाने अनामत ही ठेव न समजता परत न मिळणारे शुल्क समजावे आणि अंदाजपत्रकात ती खर्चाच्याच रकान्यात लिहावी.

पण अर्ज मागे घेतला, किंवा छाननीत बाद झाला, तर हीच रक्कम पूर्ण परत मिळते. माघारीचा दिवस होता ४ नोव्हेंबर, भाऊबीजेचा दुसरा दिवस. सणाच्या खर्चाने घर रिकामे झालेले असते, आणि त्याच सकाळी मोठ्या उमेदवारांची माणसे 'सर, कशाला उगाच डिपॉझिट घालवता' असे म्हणत अंगणात येऊन बसतात. लढलात तर पैसे जातील, गप्प बसलात तर मिळतील, असा हा नियम आहे. ज्याच्या घरी दहा हजार म्हणजे महिन्याचा किराणा, शाळेची फी आणि वीजबिल असते, त्यालाच तो अडवतो. धनिकाला त्या दिवशी अनामतीची आठवणही येत नाही. मी दुपारी तीनपर्यंत, म्हणजे माघारीची मुदत संपेपर्यंत, घरातून बाहेर पडलोच नाही.

अनामत वाढवण्यामागे कारण होते, हे मान्य करायला हवे. १९९६ पर्यंत ती लोकसभेसाठी ५०० आणि विधानसभेसाठी २५० रुपये होती. त्या वर्षी लोकसभेला १३,९५२ उमेदवार उभे राहिले, आणि रकमा अनुक्रमे १०,००० व ५,००० केल्यावर १९९८ मध्ये ४,७५० उरले. हवशे-गवशे गाळले गेले असे यावर सांगितले जाते. परंतु १९९६ मध्ये बेळगावात जे ४५६ उमेदवार होते, त्यांतल्या बहुतेकांनी सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी अर्ज भरले होते, आणि त्यांना हवशे म्हणणे मला जमत नाही. २०१० पासून सध्याच्या रकमा लागू झाल्या, तरी २०१९ मध्ये तेलंगणातील निजामाबादमध्ये हळद आणि ज्वारीच्या भावासाठी पावणेदोनशेच्या आसपास शेतकरी उभे राहिलेच. संघटित गटाला अनामत अडवू शकत नाही. अडवते ती एकट्यादुकट्याला. उमेदवाराचे गांभीर्य तपासायचेच असेल तर दहाऐवजी दोनशे सूचक मागावेत, असे माझे मत आहे. दोनशे माणसांना भेटायला पायपीट करावी लागते, पण ती गरिबालाही परवडते.

अनामतीखेरीजचे खर्च लहान दिसतात, पण साचत जातात. शपथपत्राचे नोटरीकरण, निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते (ते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडावे लागते, आणि माझ्या अर्जाआधी चौथा शनिवार व रविवार जोडून आल्याने ऐनवेळी धावपळ झाली), वाहनपरवाना, छपाई. मतदारयादीची प्रत मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना कायद्याने मोफत मिळते, अपक्षाला मात्र विकत घ्यावी लागते; मी संकेतस्थळावरून उतरवून घेतली. चिन्ह माघारीनंतरच मिळते, त्यामुळे त्याआधी पत्रके छापू नयेत. प्रचार १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी थांबला, म्हणजे चिन्ह लोकांच्या मनात रुजवायला मला जेमतेम दोन आठवडे मिळाले.

मला १,१८६ मते मिळाली. निकालानंतर चहाच्या टपरीवर ‘सरांचं डिपॉझिट गुल’ हे वाक्य महिनाभर ऐकू आले. त्या दिवसांत कागदांकडे पाहावेसे वाटत नाही, आणि नेमकी तेव्हाच चूक होते: निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब सादर केला नाही, तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवले जाऊ शकते, मग मते कितीही पडलेली असोत. मी २० डिसेंबरला बिलांची पिशवी घेऊन गेलो. कारकुनाने एक बिल पुन्हा मागितले, ते रिक्षावाल्याकडून लिहून आणले, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास पोच हातात पडली.